वाचनालयाचा डेटाबेस नव्या सर्व्हरवर हलवताना होस्ट कुठे कुठे बदलायचा

तालुक्याच्या गावातल्या वाचनालयांत अजूनही बऱ्याचदा एकच मांडणी दिसते. देवघेवीच्या टेबलावर विंडोजचा एक पीसी, त्यात झॅम्प (अपाची वेबसर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस एकत्र देणारा संच), झॅम्पमध्ये पीएचपीत लिहिलेलं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आणि त्याच मशीनवर डेटाबेस. पीसी म्हातारा झाला की कार्यकारिणी एक छोटं वेगळं मशीन मंजूर करते. मी त्यावर उबुंटू (लिनक्स) आणि मारियाडीबी (डेटाबेस चालवणारा प्रोग्रॅम) टाकते, डेटाबेस तिकडे हलवते आणि सॉफ्टवेअर टेबलावरच्या पीसीवरच ठेवते. अशी वाचनालयं मी सांभाळते, त्यामुळे पुढचं सगळं त्याच मांडणीला धरून लिहिलं आहे. शाळेचा, पतसंस्थेचा किंवा दवाखान्याचा डेटाबेस असला तरी पायऱ्या याच राहतात.

डेटा उचलून नेणं हे यातलं सोपं काम. तीस-चाळीस हजार पुस्तकांची दाखल नोंदवही आणि वर्षानुवर्षांची देवघेव मिळूनही फाइल काही मोठी होत नाही, काही मिनिटांत काम होतं. घोडं पेंड खातं ते पत्त्यापाशी. डेटाबेस कुठे आहे हे कोणाकोणाला सांगून ठेवलंय आणि नवा सर्व्हर कोणाकोणाला आत घेणार आहे, या दोन प्रश्नांची उत्तरं आधी कागदावर यायला हवीत.

एक सूचना: आज्ञा, फाइलींची नावं आणि आयपी क्रमांक इथे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच करायचे.

जुना पत्ता कुठे कुठे लिहिलाय

पहिली जागा सगळ्यांना माहीत असते. सॉफ्टवेअरच्या फोल्डरमधली कॉन्फिग.पीएचपी, आणि तिच्यात होस्ट (डेटाबेस ज्या मशीनवर आहे ते) म्हणून ‘लोकलहोस्ट’, म्हणजे ‘हेच मशीन’. पण स्थानिक प्रोग्रॅमरने वर्षानुवर्षं ठिगळं लावत वाढवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ती एकच जागा क्वचित असते. ओळखपत्र छापायची फाइल स्वतःचं वेगळं कनेक्शन उघडते, बारकोडची तिसरंच. म्हणून सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून फाइंडस्ट्र चालवा: पर्याय /एस /आय /एन, शोधायचा मजकूर दुहेरी अवतरणात ‘लोकलहोस्ट १२७.०.०.१’, आणि फाइली *.पीएचपी *.आयएनसी *.आयएनआय *.बॅट. अवतरणातल्या दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असली की फाइंडस्ट्र दोन्हींपैकी काहीही सापडलं तरी ती ओळ दाखवतं, त्यामुळे एकाच फेरीत काम होतं. आलेली यादी छापून घ्या.

पीएचपीच्या बाहेर आणखी तीन जागा बघाव्या लागतात. पहिली ओडीबीसी, म्हणजे विंडोजमधल्या प्रोग्रॅमना डेटाबेसशी जोडणारी सोय. वार्षिक अहवालासाठी कुणीतरी एक्सेल थेट डेटाबेसला जोडून ठेवलेलं असतं, आणि त्याचा पत्ता ओडीबीसीच्या डेटा सोर्समध्ये असतो. विंडोजमध्ये ही खिडकी दोनदा आहे, ३२ बिटची वेगळी आणि ६४ बिटची वेगळी. ३२ बिटची सिसवॉव६४ फोल्डरमध्ये आणि ६४ बिटची सिस्टम३२ मध्ये, म्हणजे नावावरून वाटतं त्याच्या बरोबर उलटं. दोन्ही उघडून बघा. दुसरी जागा टास्क शेड्युलर. रात्रीचा बॅकअप घेणारी बॅच फाइल तिथून चालते, आणि तिच्यात होस्ट लिहिलेलाच नसेल तर ती गुपचूप लोकलहोस्ट धरते. फाइंडस्ट्रला ती सापडणार नाही. तिसरी, डेटाबेस ब्राउझरमधून बघायच्या पीएचपीमायअ‍ॅडमिनची कॉन्फिग.इंक.पीएचपी. ही विसरली तर सॉफ्टवेअर नव्या डेटाबेसवर चालतं आणि तुम्ही मात्र जुन्याच डेटाबेसमध्ये डोकावून ‘आजच्या नोंदी कुठायत’ म्हणत बसता.

यादी झाल्यावर सगळीकडे नवा आयपी भरत सुटू नका. नव्या सर्व्हरला एक नाव द्या, समजा ‘ग्रंथडेटा’, आणि सॉफ्टवेअर चालणाऱ्या प्रत्येक पीसीच्या होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ घाला: आधी आयपी १९२.१६८.१.५०, मग मोकळी जागा, मग नाव. ही फाइल विंडोज\सिस्टम३२\ड्रायव्हर्स\ईटीसी या फोल्डरमध्ये असते. नोटपॅड ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडलं नाही तर ती सेव्ह होत नाही, आणि सेव्ह करताना नोटपॅड शेवटी .टीएक्सटी चिकटवत नाही ना, तेही बघून घ्या. मग कॉन्फिग, ओडीबीसी, बॅच फाइल सगळीकडे फक्त हे नाव. पुढे कधी मशीन बदललं तर प्रत्येक पीसीवर एकच ओळ बदलावी लागेल. यावर मी अडून बसते. आयपी लिहून दोन मिनिटं वाचतात, पण पुढच्या माणसाला पुन्हा ही सगळी शोधाशोध करावी लागते.

नवा सर्व्हर आधी तयार ठेवा

ही कामं हलवायच्या दिवशी करू नका, दोन-तीन दिवस आधीच उरकून घ्या. नव्या मशीनला आणि टेबलावरच्या पीसीला राउटरमधून पक्के आयपी बांधून द्या. पीसीचाही पक्का हवा, कारण मारियाडीबी माणूस ओळखते ती नाव आणि होस्ट अशा जोडीने. ‘अमुक युजर, १९२.१६८.१.२० वरून’ हा एक आणि ‘तोच युजर, लोकलहोस्टवरून’ हा दुसरा, वेगळा पासवर्ड आणि वेगळे अधिकार असलेला. लाइट गेल्यावर राउटरने पीसीला दुसरा आयपी दिला तर सकाळी दार बंद.

सर्व्हरवर ‘सुडो मारियाडीबी’ने आत शिरा. उबुंटूवर रूटला पासवर्ड लागत नाही, सुडो पुरतं. सॉफ्टवेअरसाठी वेगळा युजर करा, त्याच्या होस्टमध्ये पीसीचा आयपी लिहा, आणि ग्रंथालयाच्या डेटाबेसवर फक्त सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट, डिलीट हे अधिकार द्या. झॅम्पमध्ये बहुतेकांचं सॉफ्टवेअर रूट आणि रिकामा पासवर्ड यावर चाललेलं असतं. ते बदलायची हीच वेळ. सॉफ्टवेअर तात्पुरती टेबलं किंवा स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेले छोटे प्रोग्रॅम) वापरत असेल तर क्रिएट टेम्पररी टेबल्स आणि एक्झिक्यूट हेही द्यावे लागतात.

मग ईटीसी/मायएसक्यूएल/मारियाडीबी.कॉन्फ.डी/५०-सर्व्हर.सीएनएफ ही फाइल. तिच्यात बाइंड-अ‍ॅड्रेस १२७.०.०.१ असतो, म्हणजे सर्व्हर फक्त स्वतःशी बोलतो. तिथे सर्व्हरचा आयपी लिहा. तिथेच लोअर_केस_टेबल_नेम्स = १ ही ओळ घाला. विंडोजवर टेबलांच्या नावातलं लहान-मोठं अक्षर सारखंच धरलं जातं आणि नावं साठवताना सगळी लहान अक्षरांत जातात. लिनक्सवर मात्र ती वेगळी धरली जातात. कोडमध्ये कुणी टेबलाचं नाव मोठ्या अक्षराने सुरू केलं असेल तर विंडोजवर वर्षानुवर्षं चाललेलं पान लिनक्सवर ‘टेबल नाही’ म्हणून थांबतं. ओळ आयात करण्याआधी घालायची. मारियाडीबीऐवजी मायएसक्यूएल ८ वापरणाऱ्यांना तर सर्व्हर पहिल्यांदा उभा करतानाच हे ठरवावं लागतं, नंतर बदलता येत नाही. तिसरी ओळ स्किप-नेम-रिझॉल्व्ह. ती नसली तर कनेक्शन आलं की सर्व्हर समोरच्या आयपीचं नाव शोधायला जातो, वाचनालयाचं इंटरनेट बंद असेल तर तिथेच काही सेकंद अडकतो, आणि प्रत्येक पान रेंगाळायला लागतं.

सर्व्हरची वेळ भारतीय करा: ‘टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता’. उबुंटू सर्व्हर बऱ्याचदा यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) असतो, आणि मग सकाळी १० वाजता दिलेलं पुस्तक पहाटे ४:३० ला दिल्याचं दिसतं. हे सगळं झाल्यावर मारियाडीबी एकदा रीस्टार्ट करा.

शेवटी फायरवॉल. यूएफडब्ल्यूमध्ये (उबुंटूची फायरवॉल) आधी एसएसएचला (लांबून आत शिरायची सोय) परवानगी, नाहीतर लांबून काम करत असाल तर स्वतःच बाहेर राहाल. मग १९२.१६८.१.०/२४ वरून ३३०६ या मारियाडीबीच्या पोर्टला परवानगी, आणि त्यानंतरच यूएफडब्ल्यू सुरू. राउटरवरून ३३०६ बाहेर इंटरनेटकडे उघडू नका, ‘मला घरून अहवाल बघायचाय’ असा कितीही आग्रह झाला तरी.

मराठी अक्षरं तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका

आपल्याकडच्या डेटाबेसमध्ये सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि ते सुरुवातीला दिसत नाही. जुनं सॉफ्टवेअर पडद्यावर मराठी व्यवस्थित दाखवतं याचा अर्थ डेटाबेसमध्ये ती व्यवस्थित साठवली आहे असा नाही. चुकीच्या कनेक्शनवरून लिहिलं आणि त्याच चुकीच्या कनेक्शनवरून वाचलं, तर दोन चुका एकमेकींना झाकतात. नव्या सर्व्हरचं डिफॉल्ट वेगळं असलं की झाकण उडतं आणि लेखकांच्या नावांच्या जागी टोपीवाली लॅटिन अक्षरं दिसायला लागतात.

तपासायची रीत सोपी आहे. ‘मराठी’ हा शब्द एकटाच असलेली एक नोंद शोधा. बहुतेक ठिकाणी भाषेच्या टेबलात ती मिळते. पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये त्या नोंदीवर कॅर_लेंग्थ आणि लेंग्थ ही दोन फंक्शनं चालवा. पहिलं अक्षरं मोजतं, दुसरं बाइट. म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी अशी ५ चिन्हं, आणि यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड अक्षरं साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणून १५ बाइट. ५ आणि १५ आलं की डेटा निरोगी. दोन्ही १५ आले तर स्तंभ लॅटिन१ (युरोपीय अक्षरांपुरती पद्धत) आहे आणि त्यात यूटीएफ-८ चे बाइट जसेच्या तसे कोंबले आहेत. कॅर_लेंग्थ १५ आणि लेंग्थ ३० च्या आसपास आलं तर मजकूर दोनदा एन्कोड झालाय.

दोन्ही दुखणी बरी होतात. पहिल्यात स्तंभाचा प्रकार आधी व्हारबायनरी करायचा आणि मग यूटीएफ८एमबी४ (डेटाबेसमधलं पूर्ण यूटीएफ-८) चा व्हारकॅर. बाइटना हात लागत नाही, फक्त पाटी बदलते. दुसऱ्यात मजकूर लॅटिन१ मध्ये कन्व्हर्ट, मग कास्ट करून बायनरी, मग यूटीएफ८एमबी४ मध्ये कन्व्हर्ट, अशी अपडेट चालवायची. दोन्ही गोष्टी नव्या सर्व्हरवरच्या प्रतीवरच करा, जुन्या डेटावर कधीच नाही. आणि त्यानंतर सॉफ्टवेअरच्या कनेक्शनमध्ये सेट_कॅरसेट यूटीएफ८एमबी४ लिहिलंच पाहिजे, नाहीतर दुरुस्त केलेला डेटा पुन्हा वाकडा दिसेल.

एका वेगळ्या प्रकाराची याच्याशी गल्लत करू नका. श्री-लिपी, कृती देव अशा जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली यादी डेटाबेसमध्ये इंग्रजी अक्षरांच्या कडबोळ्यासारखी दिसते. तो एन्कोडिंगचा दोष नाही, तो मजकूर युनिकोडमध्ये नाहीच. त्याचं रूपांतर करायला हवं, पण या कामाबरोबर नको. आधी आहे तसा हलवा.

हलवायचा दिवस

वाचनालयाच्या सुट्टीचा दिवस निवडा. ग्रंथपालांना आदल्या संध्याकाळी चार आकडे काढून सही करून द्यायला सांगा: एकूण सभासद, एकूण दाखल पुस्तकं, सभासदांकडे असलेली पुस्तकं आणि जमा अनामत रक्कम. शेवटचा दाखल क्रमांकही लिहून घ्या. हा कागद म्हणजे तुमची परीक्षा.

सकाळी झॅम्पमध्ये अपाची बंद करा, डेटाबेस चालू ठेवा. आता कुणी काही लिहू शकत नाही. डम्पला (डेटाबेसची एका फाइलमध्ये काढलेली प्रत) --सिंगल-ट्रॅन्झॅक्शन लावलं की चालू सॉफ्टवेअरवरही नीट प्रत मिळते हे इनोडीबी या साठवणीच्या प्रकारातल्या टेबलांपुरतं खरं आहे. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये निम्मी टेबलं मायआयसॅम निघतात, त्यांना तो पर्याय काही संरक्षण देत नाही. म्हणून अपाची बंदच.

मग झॅम्पच्या मायएसक्यूएल\बिन फोल्डरमधून मायएसक्यूएलडम्प चालवा. पर्याय: --सिंगल-ट्रॅन्झॅक्शन, --रूटीन्स, --इव्हेंट्स, --डिफॉल्ट-कॅरॅक्टर-सेट=यूटीएफ८एमबी४, आणि --रिझल्ट-फाइल=डी:\बॅकअप\ग्रंथालय.एसक्यूएल, शेवटी डेटाबेसचं नाव. ट्रिगर आपोआप येतात, पण रूटीन आणि इव्हेंट मागितल्याशिवाय येत नाहीत. आणि ‘>’ या चिन्हाने फाइल बनवू नका, --रिझल्ट-फाइलच वापरा. विंडोज पॉवरशेलमध्ये ‘>’ यूटीएफ-१६ मध्ये फाइल लिहितं. ती आयात होत नाही, आणि वाटेत मराठीची माती होते ती वेगळीच.

फाइलची शेवटची ओळ बघा. ‘डम्प कम्प्लीटेड’ आणि तारीख असेल तर फाइल पूर्ण आहे, नसेल तर डिस्क भरली किंवा काहीतरी तुटलं. पेनड्राइव्हने नेत असाल तर विंडोजवर सर्टयूटिल -हॅशफाइल (फाइलच्या नावापुढे एसएचए२५६ लिहून) आणि उबुंटूवर एसएचए२५६सम चालवून दोन्हीकडचे आकडे जुळवा. स्वस्त पेनड्राइव्हवर माझा भरवसा नाही.

नव्या सर्व्हरवर यूटीएफ८एमबी४ चा रिकामा डेटाबेस करा आणि फाइल आत सोडा. पुस्तकांच्या मुखपृष्ठांचे फोटो डेटाबेसमध्येच ठेवले असतील तर ‘सर्व्हर हॅज गॉन अवे’ अशी २००६ क्रमांकाची तक्रार येऊ शकते. मॅक्स_अलाउड_पॅकेट वाढवा आणि पुन्हा सोडा. झॅम्पच्या कंट्रोल पॅनलवर मायएसक्यूएल लिहिलेलं असलं तरी २०१५ पासून आत मारियाडीबी असते, म्हणून नव्या सर्व्हरवरही मी मारियाडीबीच घेते. मायएसक्यूएल ८ चा डम्प जुन्या मारियाडीबीत टाकायला गेलात तर यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय हे कोलेशन (अक्षरांची तुलना करायचा नियम) तिला माहीत नसतं आणि पहिल्याच टेबलाला गाडी थांबते.

कागदावरचे आकडे इथे जुळवा. टेबलांच्या यादीत दिसणारा नोंदींचा आकडा इनोडीबीत अंदाजाचा असतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी काउंट(*) चालवा, अनामतीची सम काढा. अनामत एका रुपयाने जरी हलली तरी तिथेच थांबायचं.

जोडणी, आणि एरर काय सांगतो

आता पीसीवर यादीतल्या प्रत्येक जागी होस्ट, युजर आणि पासवर्ड बदला. अपाची सुरू करण्याआधी पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ग्रंथडेटा -पोर्ट ३३०६ चालवा आणि मग कमांड लाइनवरून नव्या युजरने आत शिरून बघा. इथे येणारा प्रत्येक क्रमांक तुमचा निरोप कुठपर्यंत पोचला ते सांगतो, म्हणून तो घाईने पुसून टाकू नका.

२००३ आणि कंसात १००६०: वाट बघून कंटाळला, कुणी उत्तरच दिलं नाही. फायरवॉल किंवा होस्ट्स फाइलमधला आयपी चुकलाय. २००३ आणि कंसात १००६१: मशीन सापडलं, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. बाइंड-अ‍ॅड्रेस बदलला नाही, किंवा बदलून रीस्टार्ट केलं नाही. ११३०: डेटाबेसपर्यंत पोचलात, पण या आयपीवरून येणारा कुणीच मारियाडीबीच्या वहीत नाही. पीसीचा आयपी बदललाय का बघा. १०४५: आयपी ओळखीचा, युजर किंवा पासवर्ड चुकला. १०४९ किंवा १०४४: आत शिरलात, डेटाबेसचं नाव चुकलं. ११४६: टेबल सापडत नाही, ती लहान-मोठ्या अक्षरांची गोष्ट. १४४९: एखादा व्ह्यू किंवा ट्रिगर अशा युजरच्या नावावर आहे जो या सर्व्हरवर नाही. डेटाबेसचा डम्प युजर घेऊन येत नाही. तो युजर तयार करा किंवा डम्पमधला डेफिनर (मालक म्हणून लिहिलेला युजर) बदला.

१००६० ला पासवर्ड बदलत बसणं किंवा १०४५ ला फायरवॉल बंद करून बघणं हे लोक सर्रास करतात. दुसरं जास्त वाईट, कारण बंद केलेली फायरवॉल पुन्हा कुणी सुरू करत नाही.

कमांड लाइनवरून आत शिरता आलं की झॅम्पमधला जुना डेटाबेस थांबवा आणि त्याचं आपोआप सुरू होणं काढून टाका. मगच अपाची सुरू करा. जुना चालू ठेवून ‘बघू दोन दिवस’ असं करू नका. यादीतून सुटलेली एखादी फाइल त्यात निमूटपणे लिहीत राहील, परत आलेली पुस्तकं एकीकडे आणि दिलेली दुसरीकडे नोंदली जातील, आणि ते जुळवताना नाकी नऊ येतात. जुना बंद असला की सुटलेली जागा लगेच एरर देऊन स्वतःच ओरडते. डेटा फोल्डर मात्र पुसू नका.

आता ग्रंथपालांना शेजारी बसवून एक पुस्तक द्या, परत घ्या, एक ओळखपत्र छापा, थकीत यादी काढा, एक्सेलचा अहवाल रिफ्रेश करा, आणि एक नवं पुस्तक दाखल करून त्याला कागदावरच्या शेवटच्या क्रमांकाच्या पुढचाच क्रमांक मिळतोय का बघा. सभासदाच्या नावात र्‍ह, ष्ट्र, ऱ्या असलेल्या दोन-चार नोंदी मुद्दाम उघडा. काही बिघडलं तर या क्षणापर्यंत मागे फिरता येतं: होस्ट जुना करा, जुना डेटाबेस चालू करा. दुसऱ्या दिवशी खरी देवघेव नव्यावर सुरू झाली की ती वाट बंद, मग जे असेल ते पुढे जाऊनच दुरुस्त करायचं.

शेवटचं काम बॅकअपचं. पीसीवरचा जुना टास्क बंद करा, नाहीतर तो रोज रात्री रिकामी फाइल बनवेल आणि फोल्डरमध्ये तारखेनिशी फाइली दिसत राहिल्याने कुणाला शंका येणार नाही. नव्या सर्व्हरवर क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) मारियाडीबी-डम्प लावा, फाइल दुसऱ्या मशीनवरही जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा आकार आणि शेवटची ओळ स्वतः बघा, आणि ती एकदा चाचणीच्या डेटाबेसमध्ये भरून तेच चार आकडे पुन्हा जुळवा. झॅम्पमधलं जुनं डेटा फोल्डर वाचनालयाची पुढची वार्षिक साठा पडताळणी पार पडेपर्यंत राहू द्या, मग ग्रंथपालांना विचारून काढा.